तुटणाऱ्या तारेचा आवाज: ड्रेसडेनच्या कारोला पुलाचा प्रकरण अभ्यास

11 सप्टेंबर 2024, बुधवार. पहाटेचे तीन वाजत आले होते. जर्मनीतल्या ड्रेसडेन शहरात एल्ब नदीवरच्या कारोला पुलाचा सुमारे शंभर मीटरचा तुकडा नदीत कोसळला. त्यावरून शेवटची ट्राम जाऊन वीस मिनिटंही झाली नव्हती. पुलाला टांगलेल्या, शहराच्या तापनव्यवस्थेला गरम पाणी नेणाऱ्या मोठ्या नळवाहिन्या फुटल्या आणि काळोखात वाफेचे लोट उठले. कुणालाही इजा झाली नाही. दिवसाच्या कुठल्याही दुसऱ्या तासाला हे घडलं असतं, तर हा लेख फार वेगळ्या सुरात लिहावा लागला असता.

काँक्रीटच्या जुन्या पुलांची अल्ट्रासाऊंडने तपासणी कशी करतात, हे सांगायला मी हाच पूल निवडला आहे. सहसा अशा लेखांत यशस्वी तपासणीचं उदाहरण घेतात. इथे उलट आहे. या पुलाचा आजार असा होता, की अल्ट्रासाऊंडच्या नेहमीच्या वापरात तो सापडण्याची शक्यता फारच कमी होती. आणि तोच आजार, ध्वनीचा वापर दुसऱ्या तऱ्हेने केल्यावर, पुलाच्या उरलेल्या भागात ऐकू आला. हा फरक नीट समजला, तर जुन्या पुलावर ध्वनी कशासाठी वापरायचा आणि कशासाठी नाही, हे बरंचसं कळतं.

पूल कसा होता

कारोला पूल 1967 ते 1971 या काळात, ड्रेसडेन पूर्व जर्मनीत असताना बांधला गेला. तो एक पूल दिसत असला तरी वरचा भाग तीन समांतर पट्ट्यांचा होता: ए, बी आणि सी. ए आणि बी मोटारींसाठी, सी ट्रामसाठी, आणि त्याच्याच कडेने पादचारी आणि सायकलस्वार. तिन्ही पट्टे पूर्वताणित, म्हणजे प्रीस्ट्रेस्ड, काँक्रीटच्या पेटी-तुळयांचे, म्हणजे आतून पोकळ असलेल्या तुळयांचे, होते. ए आणि बी या पट्ट्यांची डागडुजी आधीच्या काही वर्षांत झाली होती. सी पट्ट्याची पाळी 2025 मध्ये यायची होती. पडला तो सी.

वाचकाला प्रीस्ट्रेसिंग माहीत नसेल तर तीन वाक्यांत सांगतो. काँक्रीट दाब उत्तम सोसतं, ताण सोसत नाही. म्हणून त्याच्या पोटातून उच्च ताकदीच्या पोलादी तारांचे जुडगे, म्हणजे टेंडन, नळीतून ओवतात, जोरात ताणतात आणि टोकांना पकडून ठेवतात. ताणलेल्या तारा काँक्रीटला कायम आवळून धरतात, आणि मग नळीत सिमेंटचं ग्राउट, म्हणजे घट्ट होणारं पातळ मिश्रण, भरून त्या तारा बंदिस्त करतात.

पुलाचा जीव या तारांत असतो. त्या डोळ्यांना कधीच दिसत नाहीत.

जर्मनीत पुलांच्या तपासणीचा नियम कडक आहे. डीआयएन 1076 या मानकानुसार दर सहा वर्षांनी मुख्य तपासणी, आणि तीन वर्षांनी मधली साधी तपासणी. मुख्य तपासणीत अभियंत्याने पुलाच्या प्रत्येक भागापर्यंत हात पोहोचेल इतक्या जवळ जायचं, भेगा मोजायच्या, हातोडीने ठोकून पोकळ आवाज येतो का ते ऐकायचं. कारोला पूल या तपासण्यांच्या चक्रातला होता. तो दुर्लक्षित, विसरलेला पूल नव्हता, हे आधी मान्य केलं पाहिजे. नाहीतर सगळा दोष निष्काळजीपणावर ढकलून आपण मोकळे होतो आणि खरी अडचण तशीच राहते.

तारा कशाने तुटल्या

कोसळल्यावर पहिला संशय क्लोराइडवर गेला, म्हणजे रस्त्यावर टाकलेल्या मिठाने झालेल्या गंजावर. तो स्वाभाविक होता. जुन्या पुलांचा हाच नेहमीचा शत्रू. पण ड्रेसडेन तांत्रिक विद्यापीठाचे प्राध्यापक श्टेफेन मार्क्स यांच्या तपासातून दुसरंच कारण पुढे आलं: हायड्रोजनमुळे होणारी ताण-गंज भेग. डिसेंबर 2024 मध्ये मांडलेल्या निष्कर्षांनुसार याची सुरुवात बांधकामाच्या दिवसांतच झाली होती. तारा नळीत घातल्या, पण ग्राउट भरेपर्यंत मध्ये काळ गेला, ओल आत शिरली. बर्लिनजवळच्या हेनिग्सडॉर्फच्या कारखान्यातलं, उष्णोपचार केलेलं जे पोलाद त्या काळी तिथे वापरत, ते या ओलीला फार हळवं होतं. पृष्ठभागावर केसासारख्या भेगा पडल्या. मग ग्राउट भरलं गेलं आणि सगळं झाकलं गेलं. त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षं, कायमच्या ताणाखाली आणि दररोजच्या ट्रामच्या धक्क्यांखाली, त्या भेगा सावकाश वाढत राहिल्या. शेवटच्या रात्री तापमान बरंच उतरलं आणि त्या बदलाने जास्तीचा ताण पडला. जिथे पूल मोडला, त्या छेदात, म्हणजे पुलाच्या आडव्या कापात, रस्त्याच्या स्लॅबमधल्या दोन-तृतीयांशांहून अधिक टेंडनना आधीच गंभीर इजा झालेली होती.

या आजाराची तीन लक्षणं लक्षात ठेवावीत, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर उभं आहे. एक, ही तार गंजून बारीक होत नाही. तिच्यावर तांबूस थर येत नाही, काँक्रीटवर डाग उमटत नाही. दोन, ती ताणली जाऊन, लांबून तुटत नाही. काचेसारखी कडक्कन तुटते. तिसरं लक्षण सगळ्यांत फसवं. तार तुटली तरी आजूबाजूचं ग्राउट तिला घट्ट पकडून असतं, त्यामुळे तुटलेल्या जागेपासून थोड्या अंतरावर तीच तार पुन्हा पूर्ण ताण घेऊ लागते. पुलाला एक तार गेल्याचं जाणवतच नाही. दहा तारा दहा वेगवेगळ्या ठिकाणी तुटल्या तरी पूल तसाच उभा. त्याच दहा एका छेदात तुटल्या तर गोष्ट वेगळी.

त्यात हा छेद वरच्या बाजूला होता. खांबावरून पुढे आलेल्या भागात ताण वरच्या स्लॅबमध्ये असतो. भेग पडलीच तर तिथे, डांबर आणि रूळांच्या थराखाली. खाली पेटीत उभं राहून टॉर्च मारणाऱ्या माणसाला ती दिसायची कशी?

ध्वनीला विचारलं असतं तर

आता कल्पना करू की 2024 च्या वसंतात एक तुकडी अल्ट्रासाऊंडची साधनं घेऊन सी पट्ट्याच्या पेटीत उतरली आहे. तिला काय सापडलं असतं?

सगळ्यांत जुनी आणि सोपी पद्धत म्हणजे अल्ट्रासॉनिक पल्स व्हेलॉसिटी, यूपीव्ही. भिंतीच्या एका बाजूला जेल किंवा ग्रीस लावून ट्रान्सड्यूसर, म्हणजे ध्वनी सोडणारं आणि पकडणारं टोक, टेकवायचा, समोरच्या बाजूला दुसरा. पहिला साधारण 54 किलोहर्ट्झचा ठोका देतो, दुसरा तो पोहोचायला किती वेळ लागला ते सांगतो. चांगल्या काँक्रीटमध्ये ध्वनी सेकंदाला 4000 मीटर किंवा जास्त वेगाने जातो, म्हणजे अर्ध्या मीटरची भिंत पार करायला 125 मायक्रोसेकंद. आत हनीकोंबिंग, म्हणजे खडीमध्ये राहिलेल्या पोकळ्या, असतील, तडे असतील, तर लाटेला वळसा घालावा लागतो आणि हाच वेळ 160-170 पर्यंत जातो. 4500 च्या वर उत्तम, 3000 च्या खाली शंकास्पद, अशी ढोबळ वर्गवारी जगभर वापरतात.

या आकड्यावर लोक फार विसंबतात, म्हणून थोडं थांबून सांगतो. काँक्रीट ओलं असलं की वेग वाढतो, कारण पोकळ्यांत हवेऐवजी पाणी असतं. म्हणजे भिजलेलं दुबळं काँक्रीट कोरड्या चांगल्या काँक्रीटसारखं दिसू शकतं. लाटेच्या वाटेला समांतर सळई असेल तर लाट पोलादातून पळते, तिथे वेग जवळजवळ दीडपट, आणि आपण खूश होतो. जेलखाली हवेचा बुडबुडा राहिला तर वाचन बिघडतं. हे सगळं सांभाळून केलेली यूपीव्ही काँक्रीटच्या एकसारखेपणाबद्दल प्रामाणिक माहिती देते. पण कारोला पुलाचं काँक्रीट त्याचा आजार नव्हतं. सी पट्ट्यावर यूपीव्ही केली असती तर बहुधा समाधानकारक आकडे आले असते, आणि ते खरेही असते. फक्त त्यांचा प्रश्नाशी संबंध नसता.

दुसरं साधन म्हणजे अनेक टोकांचा ॲरे. डझनावारी छोटी, स्प्रिंगवर बसवलेली टोकं पृष्ठभागावर कोरडीच टेकवतात, जेल लागत नाही. प्रत्येक टोक पाळीपाळीने आडवी लाट, म्हणजे शिअर वेव्ह, सोडतं आणि बाकीची टोकं परतलेला प्रतिध्वनी ऐकतात. संगणक त्यातून भिंतीच्या आतलं चित्र उभं करतो. एकाच बाजूने काम होतं, त्यामुळे पुलासाठी हे फार सोयीचं आहे. स्लॅबची जाडी, आतल्या पोकळ्या, टेंडनच्या नळ्यांची जागा, सगळं दिसतं. काँक्रीट आणि हवा यांच्या सीमेवर ध्वनी जवळजवळ पूर्ण परततो, कारण दोघांच्या ध्वनिरोधात हजारो पटींचा फरक आहे. त्यामुळे नळीत ग्राउट भरायचं राहिलं असेल तर ती जागा चमकून उठते. हवेवरून परतताना लाटेची फेज उलटते, म्हणजे तिचे चढ-उतार अदलाबदल होतात, पोलादावरून परतताना उलटत नाही. त्यामुळे भरलेली नळी आणि रिकामी नळी वेगळी ओळखायचीही सोय आहे.

मग तुटलेली तार का दिसत नाही? कारण लांबीचं गणित. 50 किलोहर्ट्झच्या शिअर लाटेची लांबी काँक्रीटमध्ये सुमारे 5 सेंटीमीटर, यूपीव्हीच्या लाटेची 7-8 सेंटीमीटर. तारेची जाडी मिलिमीटरांत, तिच्यातली भेग मिलिमीटरच्या अंशात, ती तार ग्राउटमध्ये, ग्राउट पत्र्याच्या नळीत, नळी सळयांच्या जाळीआड. पोह्याच्या दाण्यावर नाव लिहायला भिंत रंगवायचा ब्रश घ्यावा, तसं हे. वारंवारिता वाढवली तर लांबी कमी होईल, पण मग खडी आडवी येते: लाट खडीच्या दाण्यांवर आपटून विखुरते आणि थोड्याच अंतरात विरून जाते. धातूच्या वेल्डिंगमध्ये मेगाहर्ट्झचा अल्ट्रासाऊंड बारीक भेग शोधतो तेव्हा त्याच्या वाटेत खडी नसते.

म्हणून माझं स्पष्ट मत: ग्राउट भरलेल्या नळीतल्या ताण-गंजाच्या भेगा शोधायला पृष्ठभागावरून अल्ट्रासाऊंडने विचारणा करणं हे चुकीचं हत्यार आहे. तपासणी निविदेत ते लिहिलं जातं, अहवालात रंगीत चित्रं येतात, आणि पूल तपासला गेल्याचा समज होतो. पोकळ्या शोधायला तेच हत्यार उत्तम आहे. दोन्ही वाक्यं एकाच अहवालात लिहायची सवय आपल्या क्षेत्राला लागायला हवी.

ध्वनी ऐकला तर

सी पडल्यावर ए आणि बी उभे होते. त्याच काळातले, त्याच पोलादाचे, नदीवर टांगलेले. लगेच पूर आला, मलबा घाईने काढावा लागला, आणि यंत्रं आणि माणसं या दोन पट्ट्यांच्या आसपास काम करत होती. त्यांच्या डोक्यावरच्या काँक्रीटमध्ये तारा तुटत आहेत का, हे त्या क्षणी कळणं गरजेचं होतं. तिथे ध्वनी-उत्सर्जन देखरेख बसवली गेली, ज्याला अकूस्टिक एमिशन म्हणतात.

यात आपण ठोका देत नाही. पूलच आवाज करतो. ताणलेली तार तुटते तेव्हा तिच्यात साठलेली ऊर्जा एका झटक्यात सुटते, आणि त्या झटक्याची लाट काँक्रीटमधून सगळीकडे पसरते. त्यातला मोठा भाग माणसाच्या कानापलीकडच्या वारंवारितांत असतो. काँक्रीटला चिकटवलेले सेन्सर ती लाट पकडतात. खूप वरच्या वारंवारिता दोन-चार मीटरमध्येच मरतात, म्हणून पुलासाठी 100 किलोहर्ट्झच्या खाली ऐकणारे सेन्सर घेतात आणि ते काही मीटरच्या अंतराने लावतात. एकच लाट वेगवेगळ्या सेन्सरना वेगवेगळ्या वेळी पोहोचते. दोन सेन्सरमधला फरक एक मिलिसेकंद असेल, तर वेग 4000 धरून, तुटलेली जागा एकापेक्षा दुसऱ्याला 4 मीटर जवळ आहे. अशा तीन-चार फरकांवरून जागा बांधता येते.

मघाचं तिसरं लक्षण इथे आठवावं. तार कुठे तुटली याला किती तुटल्या यापेक्षा जास्त वजन आहे, कारण ग्राउटमुळे एकच तार लांबीवर दोनदा-तीनदाही तुटू शकते आणि विखुरलेले तुकडे पूल सोसतो. म्हणून जागा न सांगणारी, फक्त मोजणी करणारी देखरेख मला अर्धवट वाटते. सेन्सर कमी लावून खर्च वाचवायचा मोह होतो. पण मग एखादा आवाज एकाच सेन्सरला ऐकू येतो आणि तो कुठून आला हे कुणालाच सांगता येत नाही.

अडचणी आहेतच. प्रसरण सांधा खडखडतो, गारा पडतात, यंत्र धडकतं, आणि हे सगळे आवाज सेन्सरपर्यंत येतात. तार तुटण्याचा आवाज त्यांच्यातून वेगळा काढायला त्याचा आकार आधी माहीत असावा लागतो: एकदम चढणारी सुरुवात, मोठी ऊर्जा, आणि एकापेक्षा जास्त सेन्सरवर जुळणाऱ्या वेळा. काही वेळा पूल पाडायचाच असतो. तेव्हा टेंडन उघडून तारा मुद्दाम कापतात आणि खऱ्या तुटीचा आवाज नोंदवून घेतात. अशी एक नोंद शंभर सिम्युलेशनपेक्षा जास्त कामाची.

ड्रेसडेनमध्ये या कानांनी दोन कामं केली. पहिलं रोजचं: खाली काम चालू ठेवायचं की थांबवायचं, पुलाखालून जहाजं सोडायची की नाही, याला आधार मिळाला. दुसरं जून 2025 मधलं. उरलेल्या पुलातून तारा तुटल्याचे नवे आवाज नोंदले गेले. लगेच नदीतली वाहतूक थांबवली, आजूबाजूचा भाग बंद केला आणि पाडकाम पुढे ओढलं. नऊ महिन्यांपूर्वी ज्या आजाराने एक पट्टा काहीही न सांगता खाली आणला होता, त्याच आजाराच्या खुणा शेजारच्या भागात या वेळी वेळेवर कळल्या. पूल वाचला नाही, तो वाचणारही नव्हता. ए आणि बी पुन्हा रहदारीला खुले करता येणार नाहीत हे डिसेंबरमध्येच ठरलं होतं. त्याच्याखाली कुणी नव्हतं, एवढं साधलं. मला ते पुरेसं मोठं वाटतं.

वरच्या अंगाचा दुसरा पूल

एल्बच्या काठाने वर, चेक सीमेकडे गेलं की बाड शांडाउ हे छोटं गाव लागतं. तिथला पूल कारोलाच्या तपासातून आलेल्या निष्कर्षांनंतर नोव्हेंबर 2024 मध्ये अचानक बंद केला गेला. तोही पूर्व जर्मनीच्या काळातला आणि ताण-गंजाची भीती असलेल्या पोलादाचा. नदीवरचा जवळचा दुसरा जर्मन पूल पिर्नाला. म्हणजे समोरच्या काठावर दिसणाऱ्या घरी जायला भला मोठा वळसा. शहरातला एक पूल बंद झाला तर लोक चिडतात. अशा ठिकाणी दवाखाना, शाळा आणि नोकरी दुसऱ्या काठावर राहतात.

एप्रिल 2025 मध्ये या पुलावर भार चाचणी झाली आणि तो 7.5 टनांपर्यंतच्या वाहनांसाठी, ध्वनी-उत्सर्जन देखरेखीखाली, पुन्हा खुला झाला. भार चाचणी आणि ऐकणं यांची ही जोडी मला या प्रकरणातली सगळ्यांत शिकण्यासारखी गोष्ट वाटते, आणि तिच्यामागे एक जुनं निरीक्षण आहे.

योझेफ काइझर यांनी 1950 मध्ये म्युनिकच्या आपल्या प्रबंधात दाखवलं, की एखाद्या वस्तूवर पूर्वी जितका भार येऊन गेला आहे, तितक्या भारापर्यंत ती पुन्हा आवाज करत नाही. त्याच्या पलीकडे गेलं की आवाज सुरू होतो. पुलावर भार टप्प्याटप्प्याने चढवताना हे कसं वापरतात ते पाहा. रोजच्या रहदारीएवढ्या भाराला पूल शांत राहिला, तर आतली रचना अजून त्या भाराला सवयीची आहे. भार काढून पुन्हा तोच ठेवला आणि आधीच्या पातळीच्या बरंच खालीच आवाज सुरू झाले, तर आत इजा वाढते आहे आणि चाचणी तिथेच थांबवायची. पूल मोडेपर्यंत न जाता त्याची तब्येत विचारण्याचा हा मार्ग आहे. काँक्रीटमध्ये हा नियम धातूइतका काटेकोर चालत नाही, पुरेसा काळ गेला की भेगा थोड्या सावरतात आणि आठवण पुसट होते. तरीही एका दिवसाच्या चाचणीत तो उत्तम काम देतो.

2025 च्याच मार्चमध्ये बर्लिनच्या ए100 महामार्गावरचा पूल बंद करावा लागला आणि नंतर पाडला गेला. तिथे भेग दिसत होती आणि ती रुंदावत गेली. म्हणजे त्या पुलाने मोडण्याआधी डोळ्यांना सूचना दिली. अभियंते याला मोडण्याआधी तडकणं म्हणतात, आणि अशा पोलादाचा पूल तो तडा दाखवेल का, हे जर्मनीत आकडेमोडीने तपासायची पद्धत कारोला पडायच्या बऱ्याच आधीपासून आहे. ज्याचं गणित तडा दाखवेल असं सांगतं, त्याच्याकडे डोळे लावावेत. ज्याचं तसं सांगत नाही, त्याला कान लावावेत.

कानाला माहीत नसलेली गोष्ट

ध्वनी-उत्सर्जनाचं इतकं कौतुक केल्यावर त्याची उणीवही तितक्याच मोकळेपणाने सांगायला हवी. सेन्सर लावला त्या दिवसापासूनची मोजणी मिळते. त्याआधी किती तारा तुटल्या, हे त्याला माहीत नसतं. एखाद्या छेदात साठ टक्के तारा आधीच गेलेल्या असतील आणि सेन्सर लावल्यापासून वर्षभरात एकही तुटली नसेल, तर पडद्यावर शून्य दिसतं. निरोगी पुलाच्या पडद्यावरही शून्यच दिसतं.

या शून्याचा अर्थ लावायला दुसऱ्या साधनांची गरज लागते. काही निवडक ठिकाणी काँक्रीट फोडून टेंडन उघडायचा, तारेचा तुकडा प्रयोगशाळेत न्यायचा, त्या पोलादाची हळवेपणाची पातळी मोजायची. वरच्या थरातल्या टेंडनसाठी चुंबकीय पद्धतही आहे: तार चुंबकित करून पृष्ठभागावरचं क्षेत्र मोजलं की तुटीच्या जागी ते बिघडलेलं दिसतं. आणि भार चाचणी, जी वर आली.

यात अल्ट्रासाऊंडची पहिली, विचारणारी तऱ्हाही परत येते, पण वेगळ्या रूपात. काँक्रीटमध्ये सोडलेली लाट सरळ पोहोचल्यानंतरही तिची शेपटी बराच वेळ घुमत राहते. खडीवर आपटून, वळून, पुन्हा पुन्हा त्याच जागेतून जाऊन आलेली ती लाट. यूपीव्हीत आपण ही शेपटी फेकून देतो. पण ज्या लाटेने एकाच आवारात इतके फेरे मारले, तिच्यात आवारातला बारीकसा बदलही साठून मोठा होतो. आजची शेपटी आणि महिन्यापूर्वीची शेपटी एकमेकींवर ठेवून पाहिली की वेगातला दहा हजारात एक, त्याहूनही कमी, फरक कळतो. भूकंपशास्त्रातून आलेल्या या तंत्राला कोडा वेव्ह इंटरफेरोमेट्री म्हणतात. हे नाव 2002 मध्ये रूढ झालं. उल्म आणि नॉय-उल्म यांना जोडणाऱ्या, 1950 साली डॅन्यूबवर बांधलेल्या गेन्स्टोर पुलाच्या काँक्रीटमध्ये संशोधकांनी असे ट्रान्सड्यूसर कायमचे बसवले आणि पुलाच्या उतारवयात त्याची नोंद घेतली.

या तंत्राचा मोठा शत्रू म्हणजे ऊन. काँक्रीट एक अंशाने तापलं की वेग टक्क्याच्या काही शतांशाने उतरतो, आणि हा बदल भारामुळे होणाऱ्या बदलाएवढाच, कित्येकदा त्याहून मोठा असतो. सकाळी आणि दुपारी घेतलेली नोंद तुलना करायला निरुपयोगी, जोपर्यंत काँक्रीटच्या आतलं तापमान सोबत नोंदलेलं नाही. म्हणून निदान एक पूर्ण वर्ष, सगळे ऋतू, नोंदी घेतल्याशिवाय बोलायचं नाही. ज्या पुलाला वर्ष उरलेलं आहे की नाही हेच माहीत नाही, त्याच्यासाठी हा सल्ला कठीण आहे. पण नव्याने दुरुस्त झालेल्या किंवा अजून तब्येत बरी असलेल्या पुलात हे ट्रान्सड्यूसर आजच बसवले, तर वीस वर्षांनी तपासायला येणाऱ्याच्या हाती तुलना करायला काहीतरी असेल. कारोला पुलावर 2024 मध्ये असं काहीच नव्हतं. त्याच्या तरुणपणीची एकही ध्वनिनोंद नव्हती, कारण तेव्हा ती घ्यायची साधनंच नव्हती.

माझ्या हाती असा पूल आला तर

आधी कागद. कोणत्या कारखान्याचं पोलाद, तारा ओवल्यापासून ग्राउट भरेपर्यंत किती दिवस गेले, त्या दिवसांत हवा कशी होती. बांधकामाची रोजनिशी मिळाली तर ती कुठल्याही उपकरणाआधी वाचायची. मग गणित: हा पूल मोडण्याआधी तडकेल का, आणि न तडकता मोडू शकणारे छेद कुठले. सेन्सर त्या छेदांवर लावायचे, खांबांवरच्या वरच्या स्लॅबजवळ, पेटीच्या आतून. दोन खांबांमधल्या गाळ्यात सारख्या अंतरावर शोभेसाठी नाही. नळ्यांमधल्या पोकळ्या ॲरेने शोधून नकाशावर आणायच्या, कारण रिकाम्या नळीत तुटलेल्या तारेला पकडणारं ग्राउटच नसतं आणि तिथे एक तूट संपूर्ण तारेची तूट ठरते.

किती तारा, कुठल्या छेदात, किती दिवसांत तुटल्या म्हणजे पूल बंद करायचा, हा आकडा सेन्सर चालू करायच्या आधी लेखी ठरवायचा. पहाटे तीन वाजता संदेश आला तर तो कोण वाचणार आणि त्या माणसाला कुणालाही न विचारता रस्ता अडवायचा अधिकार आहे का, हेही त्याच कागदावर. आकडा नंतर ठरवू म्हटलं की पहिला आवाज आल्यावर बैठक बोलावली जाते.

आणि यंत्रणा लागल्यावर पहिले काही आठवडे पडद्यावर काहीच आलं नाही, तर त्यावर विश्वास ठेवण्याआधी पेटीत उतरायचं, प्रत्येक सेन्सरच्या शेजारी काँक्रीटवर अर्धा मिलिमीटर शिशाची पेन्सिल टेकवून तिचं टोक मोडायचं, आणि तो बारीकसा कट्ट आवाज नोंदला जातो का ते पाहायचं. मग दर महिन्याला पुन्हा.